मजल्यांचा नकाशा झाला, आता तासांचा काढा

प्रश्न थोडक्यात असा: तळमजल्यावर दुकानं आणि दोन-तीन रेस्टॉरंट, त्यावर चार मजले ऑफिसं आणि त्याच्या वर आठ मजले फ्लॅट. नकाशे तयार आहेत, पायाचं काम लवकरच सुरू होईल. हे सगळं एका इमारतीत गुण्यागोविंदानं नांदावं यासाठी आत्ताच काय तपासून घ्यावं? आणि रेस्टॉरंट खाली न ठेवता गच्चीवर नेलं तर बरं पडेल का?

मी मेकॅनिकल इंजिनिअर. पहिली नऊ वर्षं अशा इमारतींच्या यंत्रणा डिझाइन करण्यात गेली आणि नंतरची सोळा तशाच इमारती चालवण्यात. दुसऱ्या कामानं पहिल्या कामातली बरीच मस्ती उतरवली. खाली लिहितोय ते दुसऱ्या खात्यातलं आहे.

तुमच्या प्रश्नात मजले आहेत, वेळा नाहीत. या इमारतींमध्ये मी जेवढी भांडणं मिटवली (किंवा मिटवायचा प्रयत्न केला) त्यातली बहुतेक ‘कुठे’ची नव्हती, ‘कधी’ची होती. रेस्टॉरंटचा दिवस रात्री एकला संपतो, दुकानाचा माल पहाटे पाचला येतो, ऑफिसची गर्दी साडेनऊला लिफ्टसमोर उभी राहते आणि फ्लॅटमधल्या माणसाला या तिन्ही वेळांना आपल्या घरात शांतता हवी असते. म्हणून सगळ्यात आधी एक मोठा कागद घ्या. डावीकडे प्रत्येक वापर, वर चोवीस तास. प्रत्येक चौकोनात लिहा: त्या तासाला कोण येतं, कोणत्या दारानं येतं, काय वाजतं, कशाचा वास येतो, कोणता कचरा निघतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आर्किटेक्ट हा तक्ता आपणहून देत नाही, कारण कोणी मागत नाही. पण नकाशातल्या चुका त्यात लख्ख दिसतात.

तसं पाहिलं तर मिश्र वापराच्या बाजूनं झालेला सगळ्यात जोरदार युक्तिवादही तासांचाच आहे. दुकानाच्या माडीवर राहणं ही फार जुनी रीत. रोमजवळच्या ओस्तियाच्या अवशेषांत रस्त्याला लागून दुकानांची रांग आहे आणि त्या दारांच्या मधूनच वरच्या घरांचे जिने स्वतंत्रपणे रस्त्यावर उघडतात. विसाव्या शतकात हे मोडीत निघालं. 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंग, म्हणजे प्रत्येक वापराला शहराचा वेगळा भाग नेमून देणं, वैध ठरवलं. पुढे आधुनिक वास्तुरचनाकारांच्या 1933 च्या परिषदेतून निघालेल्या अथेन्स सनदेनं राहणं, काम, विरंगुळा आणि वाहतूक अशी शहराची चार खातीच पाडली. मग 1961 मध्ये शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी ठणकावून सांगितलं की रस्ता जिवंत आणि सुरक्षित ठेवायचा तर वेगवेगळ्या कामांसाठी, वेगवेगळ्या वेळी बाहेर पडणारी माणसं त्यावर हवीत. हा मुद्दा सगळ्यांनी उचलला. पण माणसं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात तशीच वेगवेगळ्या वेळी झोपतातही. ती बाजू रस्त्याची नाही, इमारतीच्या पोटातली आहे आणि ती आमच्या गळ्यात येते.

आता तुमचा नकाशा. मी पहिल्यांदा बघेन तो किचनचा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पत्र्याचा बोगदा.

तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराचा धूर बारा मजले चढून गच्चीवर गेला पाहिजे. एका मध्यम व्यावसायिक किचनमधून सेकंदाला साधारण तीन घनमीटर हवा बाहेर काढावी लागते असं धरा. डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला आठ-नऊ मीटर ठेवला तर साठ बाय साठ सेंटिमीटरचा डक्ट लागतो. त्यावर आगरोधक आवरण आणि साफसफाईची झाकणं उघडायला हात जाईल एवढी जागा धरली की शाफ्ट, म्हणजे डक्टसाठी सोडलेली उभी पोकळी, मीटरभर रुंद आणि मीटरभर खोल होते. तीन किचन असतील तर तीन स्वतंत्र डक्ट. दोन किचन एका डक्टला जोडू नका. एक बंद असलं की दुसऱ्याचा धूर त्यात शिरतो. म्हणजे प्रत्येक मजल्यावर तीन-साडेतीन चौरस मीटर जागा गेली आणि ती विकता येत नाही. नेमकी म्हणूनच ती नकाशातून गायब होते. मग ‘मागच्या भिंतीतून काढू’ असं ठरतं. मागच्या भिंतीतून काढलेला तळणीचा वास इमारतीच्या अंगालगत वर चढतो आणि थेट खिडक्यांतून आत येतो. पहिल्या वर्षी तक्रारी, दुसऱ्या वर्षी वकील.

या डक्टबाबत दोन बारकावे. पंखा वरच्या टोकाला, गच्चीवर असावा. तसा असला की संपूर्ण डक्टमध्ये ओढ राहते आणि कुठे सांधा सुटलाच तर बाहेरची हवा आत जाते, तेलकट वाफ बाहेर येत नाही. पंखा खाली बसवला की तोच डक्ट दाबाखाली येतो आणि सहाव्या मजल्यावरचा सुटलेला सांधा कोणाच्या तरी कपड्यांच्या कपाटात वास सोडतो. दुसरं म्हणजे, आतल्या भिंतीला तेलाचा थर बसतो आणि तो पेट घेतो. या डक्टमध्ये नेहमीचे फायर डॅम्पर (आग लागली की डक्ट बंद करणाऱ्या झडपा) बसवत नाहीत, त्यामुळे डक्ट आणि शाफ्ट मिळून सगळा प्रवासच आगरोधक असावा लागतो. साफसफाईची झाकणं प्रत्येक वळणावर आणि सरळ भागातही ठरावीक अंतरानं ठेवा, आणि ती कोणाच्या बेडरूममध्ये नाही, सार्वजनिक पॅसेजमध्ये उघडतील असं बघा. हसू नका, मी बेडरूममध्ये उघडणारं झाकण पाहिलंय. घरमालकानं त्यावर आरसा लावला होता.

आज जे गाळे ‘दुकान’ म्हणून दाखवलेत त्यातल्या कोणत्या गाळ्याचं पुढे रेस्टॉरंट होऊ शकेल तेही आत्ताच ठरवा. डक्ट, ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी), सांडपाण्याचा उतार मिळावा म्हणून खाली घेतलेली फरशी आणि जास्तीचा वीजभार या चारही गोष्टी नंतर बसवायच्या म्हणजे भाजी चिरून झाल्यावर धुण्यासारखं आहे.

वासानंतर आवाज. यात लोक चुकीच्या आवाजाला घाबरतात. संगीत, गप्पा, भांडी हे हवेतून येणारे आवाज चांगला काँक्रीटचा स्लॅब बऱ्यापैकी अडवतो. वस्तुमान दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल आणखी कमी होतात. त्रास होतो तो इमारतीच्या हाडांतून चढणाऱ्या आवाजाचा.

मी सांभाळत होतो त्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रार होती की रात्री दोन-अडीचला उशीतून घुमल्यासारखा आवाज येतो. आमच्या माणसांनी तीनदा दिवसा जाऊन ‘काही नाही’ असा शेरा मारला. शेवटी मीच रात्री गेलो. खोलीत खरंच फारसं काही ऐकू येत नव्हतं. आजोबांनी शांतपणे पाण्याचा ग्लास पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला आणि दिवा त्याच्यामागे धरला. पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती. कोपऱ्यातल्या कॉलमवर तळहात ठेवला तर तो मांजरासारखा गुरगुरत होता. खाली आमचा टेक्निशियन एकेक यंत्र बंद करत होता आणि मी फोनवर. “सर, आता?” “चालूच आहे.” “आता?” पाचव्या वेळी पाणी स्थिर झालं. तळमजल्यावरच्या रेस्टॉरंटच्या कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर कॉलमवरच लोखंडी ब्रॅकेट ठोकून बसवला होता. तो काढून जमिनीवर, रबर पॅडवर ठेवला आणि पाइपच्या जोडणीत लवचिक तुकडा घातला. खर्च किरकोळ होता. आजोबांची सात महिन्यांची झोप मात्र परत देता आली नाही.

म्हणून भाडेकरारात एक ओळ घाला: कोणतंही फिरतं यंत्र कॉलमला, बीमला किंवा वरच्या स्लॅबला थेट टांगायचं नाही. जिम येणार असेल तर तिची फरशी तरंगती, म्हणजे खालच्या स्लॅबपासून लवचिक थरानं सुटी केलेली हवी आणि शक्य असेल तर जिम घरांच्या खाली नकोच. वजनं आपटण्याचा दणका तीन-तीन मजले जातो.

आणि बाटल्या. रात्री एकला रेस्टॉरंट बंद करताना रिकाम्या काचेच्या बाटल्यांचा क्रेट लोखंडी डब्यात उपडा होतो, तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. काच सकाळी आठनंतरच टाकायची, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. माल उतरवायची जागा छताखाली, बंद दारामागे असावी, आणि मोकळी उंची साडेचार मीटर तरी. ट्रकला वळायला आत जागा नसली की तो रिव्हर्स घेतो आणि पहाटे पाचला त्याचा भोंगा सगळ्यांना उठवतो.

पाइपांकडे वळतो. फ्लॅटचे कॉलम आणि बाथरूम एका हिशेबानं येतात, ऑफिसचे दुसऱ्या आणि पार्किंगचे तिसऱ्या. पार्किंगला दोन कॉलमच्या मध्ये तीन गाड्या बसवायच्या तर मधलं अंतर आठ मीटरच्या थोडं वर जातं. घरातल्या खोल्या तीन-साडेतीन मीटरच्या. कुठेतरी हे दोन हिशेब जुळवायला मोठा ट्रान्सफर स्लॅब (वरच्या कॉलमचं वजन खालच्या वेगळ्या जागच्या कॉलमवर वळवणारा जाड स्लॅब) येतो आणि त्याच पातळीवर वरच्या आठ मजल्यांच्या सगळ्या ड्रेनेज लाइनी उभ्याच्या आडव्या होतात. आडवी लाइन तुंबते आणि तुंबली की गळते. खाली ऑफिसचा सर्व्हर असेल तर नुकसान, रेस्टॉरंटचं किचन असेल तर दुकान बंद. एका शेफनं फॉल्स सीलिंगवरच्या पिवळ्या डागाखाली पातेलं ठेवून दोन दिवस काम रेटलं होतं, कारण वरचा फ्लॅटवाला बाहेरगावी होता आणि लाइन त्याच्या बाथरूममधून येत होती. ऑफिस आणि घरांच्या मध्ये पूर्ण उंचीचा सर्व्हिस फ्लोअर (फक्त पाइप आणि यंत्रणांचा मजला) परवडत नसेल तर निदान माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी ठेवा, तिची फरशी वॉटरप्रूफ करा, उतार द्या आणि तिला स्वतःचा ड्रेन द्या. गळती होणारच, ती कुठे पडेल एवढंच आपल्या हातात असतं.

ऑफिस खाली आणि घरं वर हा तुमचा क्रम बरोबर आहे. ऑफिसचा मजला खोल चालतो, घराला मात्र उजेड हवा आणि खिडकीतला कामाचा उजेड सहा-सात मीटरच्या पुढे फारसा जात नाही. शिकागोचं 1969 मध्ये पूर्ण झालेलं शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर खाली रुंद आणि वर निमुळतं आहे: खाली पार्किंग आणि ऑफिसं, वर घरं. त्यामुळे प्रत्येक वापराला मानवेल एवढाच मजला मिळतो. तुमची इमारत निमुळती करायची गरज नाही, पण ऑफिसच्या मजल्यांचा आराखडा जसाच्या तसा वर चढवून फ्लॅट पाडले असतील तर मधल्या खोल्या अंधाऱ्या होतील. तेवढं तपासा.

लिफ्ट वेगळ्या ठेवा, यावर चर्चाच नको. ऑफिससाठी सकाळच्या गर्दीत पाच मिनिटांत एकूण माणसांच्या साधारण 12 ते 15 टक्के माणसं वर न्यावी लागतात. घरांना त्याच्या निम्म्यानं भागतं. एकत्र केल्या तर शाळेत निघालेलं पोर आणि मीटिंगला निघालेला माणूस दोघेही खोळंबतात, आणि रात्री घरांच्या मजल्यावर कोण चढतंय ते कळत नाही.

तळमजल्याचा रस्त्याकडचा भाग हा तुमच्या प्रकल्पाचा चेहरा आणि तोच सगळ्यात आधी कुरतडला जातो. समजा साठ मीटरचा दर्शनी भाग आहे. गाड्यांच्या रॅम्पला सात मीटर, घरांची आणि ऑफिसची लॉबी प्रत्येकी सहा, विजेच्या खोलीला आठ, आग लागल्यास बाहेर पडायच्या दारांना तीन. राहिले तीस. म्हणजे ‘दुकानांची रांग’ म्हणून विकलेल्या चित्रातली निम्मी रांग मुकी भिंत आहे. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल चैतन्य असलेल्या रस्त्यासाठी शंभर मीटरला 15 ते 20 दारं असा ठोकताळा देतात. त्यासाठी अरुंद आणि खोल गाळे पाडा, लॉबी चिंचोळ्या करा, विजेची खोली आणि रॅम्प बाजूच्या गल्लीकडे ढकला. दुकानाची फरशी फुटपाथच्या पातळीला ठेवा. दोन पायऱ्या आल्या की गिऱ्हाईक घुटमळतं आणि पुढे जातं.

पहिल्या मजल्यावर ‘अजून थोडी दुकानं’ टाकायचा मोह होईल. फ्रान्समधल्या मार्सेलमध्ये वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांनी 337 घरांच्या त्यांच्या प्रसिद्ध इमारतीत, 1952 मध्ये, दुकानांची गल्ली इमारतीच्या मध्यावर, सातव्या-आठव्या मजल्यावर नेली. कल्पना देखणी होती, पण दुकान जगतं ते येणाऱ्या-जाणाऱ्यावर आणि तो जमिनीवर चालतो. केवळ वर राहणाऱ्यांच्या जिवावर दुकानांची ओळ टिकत नाही. वरच्या मजल्यावर दवाखाना, क्लास, सलून टाका. तिथे माणूस ठरवून येतो.

पार्किंगमध्ये तासांचा तक्ता प्रत्यक्ष पैसे वाचवतो. उदाहरणादाखल आकडे घेतो: ऑफिसची गरज 120 गाड्या, घरांची 100, रेस्टॉरंटची 50, दुकानांची 40. बेरीज 310. पण कामाच्या दिवशी सकाळी अकराला ऑफिसच्या 120, घरी राहिलेल्या 45, रेस्टॉरंटच्या 15 आणि दुकानांच्या 25 मिळून 205 गाड्या होतात. रात्री आठला 20, 80, 50 आणि 40, म्हणजे 190. थोडी सैल जागा धरून 225 पुरतात. पंच्याऐंशी गाड्यांची जागा म्हणजे जवळपास एक तळघर. मात्र हा हिशेब एका अटीवर टिकतो: जागांवर नंबर टाकून त्या नेमून द्यायच्या नाहीत. घराला एक नेमलेली जागा देणं समजू शकतो, पण तेवढ्यानंही हा आकडा वाढतो. ऑफिसला तर नाहीच. ऑफिसच्या नावाची पाटी लागली की रात्री ती जागा रिकामी राहते आणि जेवायला आलेला माणूस रॅम्पवर हॉर्न वाजवतो. 2020 नंतर घरून काम करण्याची सवय रुजली आणि ऑफिसची गर्दी आठवड्याच्या मधल्या दिवसांत गोळा व्हायला लागली, त्यामुळे तक्ता एका दिवसाचा न करता मंगळवार, शुक्रवार आणि सुट्टीचा दिवस असे तीन करा. दुपारच्या जेवणावर चालणाऱ्या भाडेकरूलाही तो दाखवा.

एअर कंडिशनिंगला हेच गणित उलटं चावतं. सगळ्यांना मिळून एकच मोठा प्लांट घातला की पहाटे तीनला दहा बेडरूमसाठी प्रचंड चिलर (पाणी गार करणारं यंत्र) जेमतेम भारावर धडपडत राहतो. घरं त्यातून बाहेर काढा.

खरी गाठ मात्र कागदपत्रांत असते. इमारत एक, मालक चार प्रकारचे. तोक्योतल्या रोप्पोंगी हिल्स या मोठ्या मिश्र वापराच्या प्रकल्पात, 2003 मध्ये ते खुलं होण्याआधी, सुमारे 400 जागामालकांशी बोलणी करत 17 वर्षं गेली. तुमचा पसारा लहान आहे, पण प्रश्न त्याच जातीचे. देखभालीचा खर्च किमान तीन वह्यांत मांडा: सगळ्यांचा, फक्त घरांचा, फक्त व्यापारी भागाचा. ग्रीसनं तुंबलेल्या लाइनचं बिल आठव्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंनी का भरावं? आणि घरांच्या लिफ्टचं बिल खालच्या पुस्तकवाल्यानं का? मीटर पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. मतांचा अधिकार फक्त क्षेत्रफळावर ठेवला तर ऑफिसचा एक मोठा मालक सगळ्यांना वाकवतो. फक्त दारांच्या संख्येवर ठेवला तर फ्लॅटवाले रेस्टॉरंट बंद पाडतात. वापरानुसार गट करा आणि ज्या निर्णयाचा ज्या गटावर परिणाम होतो त्यात त्या गटाची संमती लागेल असं लिहा.

गच्चीवर जायचा हक्क वेगळा, स्पष्ट शब्दांत लिहून ठेवा. किचनचे पंखे आणि ऑफिसची आउटडोअर युनिट तिथेच असतात, पण गच्ची आपलीच आहे असं वरच्या रहिवाशांना वाटतं आणि त्यात त्यांची चूक नसते, कारण त्यांना तसंच विकलेलं असतं. एका ठिकाणी किल्ली कोणाकडे यावरून डक्टची साफसफाई सहा आठवडे अडली होती. त्या सहा आठवड्यांत मी रोज रात्री किचन बंद झालं का ते फोन करून विचारत होतो.

गाळे सुटे विकू नका, असंही सुचवेन. एका मालकाकडे ठेवून भाड्यानं दिले तर कोण शेजारी कोणाला पूरक ते बघता येतं आणि नियम मोडणाऱ्याला बाहेर काढता येतं. सुटे विकले की पुढच्या पाच वर्षांत काय उघडेल त्यावर कोणाचाच ताबा राहत नाही. पैसा उशिरा मोकळा होतो, हे मान्य.

राहिली गच्चीवरच्या रेस्टॉरंटची कल्पना. डक्टचा प्रश्न त्यानं सुटतो, यात वाद नाही. पण मग गॅस बारा मजले चढतो, ओला कचरा बारा मजले उतरतो, खुर्च्या सरकवण्याचा आवाज थेट सर्वांत महागड्या फ्लॅटच्या छतावर येतो आणि शंभर-दीडशे माणसं एकाच वेळी खाली उतरू शकतील एवढे रुंद जिने लागतात. रात्री साडेबाराला जेवून निघालेली मंडळी घरांच्या लॉबीतून बाहेर पडता कामा नयेत, म्हणजे रस्त्यावरून थेट गच्चीला जाणारी, मधे कुठेही न थांबणारी वेगळी लिफ्ट हवी, आणि कचऱ्यासाठी एक सर्व्हिस लिफ्टही. या दोन लिफ्टचे खड्डे आजच्या पायाच्या नकाशात असतील तर पुढे बोलू. नसतील तर गच्ची सोडून द्या आणि मीटरभर रुंदीच्या त्या तीन शाफ्टसाठी आर्किटेक्टकडे याच आठवड्यात बसा.